मानवशास्त्राचा पहिला तास : 1916 सालचे दोन धडे



कॉलेजात मानवशास्त्र हा विषय नव्याने घेणाऱ्या मुलाला आधी व्याख्या पाठ करावी लागते. माणसाचं शरीर, भाषा, नातीगोती, चालीरीती यांचा अभ्यास म्हणजे मानवशास्त्र. व्याख्या बरोबर आहे. पण मी पडलो तत्त्वज्ञानाचा माणूस. मी लगेच विचारणार, की अभ्यास करणारा कोण, आणि ज्याचा अभ्यास होतो तो कोण? आमच्या परिभाषेत ज्ञाता कोण आणि ज्ञेय कोण? आपल्या वऱ्हाडापुरतं याचं उत्तर हवं असेल, तर 1916 हे एकच साल नीट पाहावं.

त्या साली लंडनमध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. वऱ्हाड 1903 मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराखाली आलेलं होतं, त्यामुळे आपले कुणबी, माळी, महार, कोरकू सगळे त्यात आहेत, आणि इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने आहेत. प्रत्येक जातीचा साचा साधारण ठरलेला : उत्पत्तीची दंतकथा, पोटजाती, लग्नाची रीत, मर्तिकाची रीत, धंदा, स्वभाव. माहिती गोळा झाली ती मुख्यतः तहसीलदार, शाळामास्तर, कचेरीतले कारकून यांच्याकडून. ग्रंथ मोलाचा आहे, हे मी नाकारत नाही. आजही त्याच्यावाचून पान हलत नाही. पण अख्ख्या जातीचा स्वभाव दोन-चार वाक्यांत सांगून टाकायचा, हे त्यात जागोजागी दिसतं. ज्याच्याबद्दल लिहिलं, तो माणूस हे वाचेल आणि उलट बोलेल, ही शक्यता त्या साच्यात धरलेलीच नाही.

आता दुसरा धडा. त्याच वर्षी 9 मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात एका पंचवीस वर्षांच्या मराठी विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय भारतातल्या जाती, त्यांची घडण, उगम आणि वाढ. विद्यार्थी भीमराव आंबेडकर. 1913 मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते तिथे गेले होते. कोलंबियाचा मानवशास्त्र विभाग म्हणजे फ्रान्झ बोआस यांचं घर, आणि गोल्डनवायझर हे बोआस यांचेच शिष्य. डोक्याचा आकार, नाकाची लांबी-रुंदी मोजून माणसाची प्रत ठरवणाऱ्या विचाराविरुद्ध तिथे वातावरण तापलेलं होतं. इकडे हिंदुस्थानात रिस्लेसाहेबांनी त्याआधी नेमकी नाकंच मोजली होती.

आंबेडकरांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या घेतल्या. यातले केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचं शिक्षण अमरावतीत झालेलं. जातीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1909 मध्ये अमेरिकेतून निघालं होतं. त्यांनी जातीची दोन लक्षणं सांगितली : जन्मानेच सभासद होता येतं, आणि बाहेर लग्न करता येत नाही. आंबेडकरांना ही व्याख्या त्यातल्या त्यात जवळची वाटली. पण त्यांचं म्हणणं असं, की ही लक्षणं दोन नाहीतच. बाहेर लग्न करायचं नाही असं ठरलं, की बाहेर जन्मलेला आत येणारच कसा?

आता आपल्याकडे पाहा. एका कुळीत सोयरीक होत नाही, आणि जातीबाहेरही होत नाही. आत एक कुंपण, बाहेर एक कुंपण. आंबेडकर म्हणतात, आतलं कुंपण जुनं. बाहेरचं त्यावर नंतर चढवलेलं आहे. आणि ते टिकवायचं तर गटात स्त्री-पुरुषांचा हिशेब जुळला पाहिजे. नवरा मेला की मागे राहिलेल्या बाईचं काय करायचं? सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. बायको मेली की विधुराचं काय? त्याला लग्नाच्या वयाला न आलेली मुलगी. म्हणजे सती, वैधव्य, बालविवाह या तीन वेगळ्या रूढी नव्हेत, एकाच कुंपणाचे खुंट आहेत. वंश आणि रंग यांवर सगळं टाकणाऱ्यांना हे दिसलं नाही.

लक्षात घ्या, रसेलच्या ग्रंथात 'महार' हे एक प्रकरण आहे. त्याच साली त्या जातीत जन्मलेला विद्यार्थी ज्ञाता होऊन बोलतो. आणि बोलतो तेव्हा स्वतःच्या अपमानाची हकीकत सांगत नाही, पुरावा आणि तर्क मांडतो. मे 1917 मध्ये हा निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. पुढे नोव्हेंबर 1927 मध्ये हाच माणूस अमरावतीला परिषदेचा अध्यक्ष म्हणून आला. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा. वर्गात ज्या कुंपणाचा उलगडा केला, ते इथे दाराशी उभं होतं.

हे जुनं झालं असं समजू नका. आज अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांत धारणी, चिखलदऱ्याची मुलं शिकायला येतात. गुरुजी फळ्यावर 'आदिवासी समाजाची वैशिष्ट्ये' असं लिहितात, तेव्हा तिसऱ्या बाकावर कोरकू मुलगी वहीत ते उतरवून घेत असते. तिची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे शेजारच्या मराठीची नात्यातली नाही, तिची नाती दूर झारखंडातल्या मुंडारी आणि संथाळीशी. आणि 'कोरकू' या शब्दाचा अर्थ काय? नुसता 'माणसं'! 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. माणसाचं शास्त्र शिकवायला याहून चांगला पहिला शब्द मला तरी ठाऊक नाही. तो कोणी शिकवायचा? माझ्या मते, त्या मुलीने.

म्हणून पहिल्या तासाला मुलांना व्याख्येबरोबर एक कामही द्यावं. आपल्या समाजाबद्दल जुन्या ग्रंथात काय लिहिलंय ते काढा, घरी आजी-आजोबांना वाचून दाखवा, आणि ते काय म्हणतात ते समासात लिहून आणा. मग दुसऱ्याच्या घरी जाऊन तसंच विचारा, आणि स्वतःलाही विचारू द्या. ज्याला कोणी प्रश्न विचारू शकत नाही, त्याने दुसऱ्याची माहिती लिहू नये, एवढं त्या कोर्समधून कळलं तरी पुष्कळ झालं.