हान्स हेर यांचें दगडी घर

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत, लँकेस्टर परगण्यांत, वालुकाश्माचें एक उंच उतरत्या छपराचें घर उभें आहे. दाराच्या माथ्यावरील दगडांत बांधणाराच्या नांवाचीं अक्षरें आणि १७१९ हा सन कोरलेला आहे. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, तें हेंच वर्ष.

घराला नांव हान्स हेर यांचें. बांधलें मात्र त्यांचा मुलगा ख्रिश्चन यानें. दोघेहि मेनोनाइट पंथाचे धर्मोपदेशक. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देऊं नये, शपथ घेऊं नये, शस्त्र धरूं नये, ही त्या पंथाची शिकवण. एवढ्या अपराधासाठीं स्वित्झर्लंडमध्यें या लोकांना तुरुंग व हद्दपारी सोसावी लागली. कांहीं कुटुंबें ऱ्हाईनकांठच्या पॅलाटिनेट प्रांतांत गेलीं, आणि तेथूनहि निघून १७१० मध्यें पेन्सिल्व्हेनियांत उतरलीं. पेक्वी ओढ्याच्या आसपास त्यांना १०,००० एकर जमीन मिळाली.

घराची मांडणी जर्मन खेड्यांतील जुन्या वळणाची. धुराडें मधोमध. आंत शिरतांच स्वयंपाकघर व त्यांतील रुंद चूल. पलीकडे बसण्याउठण्याची खोली. या खोलींतील शेगडीला जळण घालावयाचें तें भिंतीपलीकडून, स्वयंपाकघराच्या बाजूनें. खोलींत ऊब तेवढी यावी, धूर व राख पलीकडेच राहावी! तिकडच्या कडाक्याच्या थंडींत या युक्तीचें मोल केवढें असेल! याच घरांत शेजारपाजारची मंडळी प्रार्थनेसाठीं जमत.

पण ही भूमि कोणाची नव्हती असें नाहीं. कॉनेस्टोगा इंडियन जवळच राहत, आणि विल्यम पेन याच्याशीं त्यांचा १७०१ मध्यें स्नेहाचा करार झालेला होता. डिसेंबर १७६३ मध्यें पॅक्स्टन भागांतील सशस्त्र गोऱ्यांनीं त्यांच्या वस्तीवर चालून जाऊन सहा जणांना ठार केलें. उरलेल्या चौदांना लँकेस्टरच्या श्रमगृहांत आसरा देण्यांत आला. तेरा दिवसांनीं तेथेंहि शिरून मुलाबाळांसकट साऱ्यांची कत्तल झाली. शिक्षा कोणालाच झाली नाहीं. एका मेनोनाइट शेतावर राहणारें वृद्ध जोडपें तेवढें वांचलें. स्वतः छळ सोसून आलेल्या आणि शस्त्र न धरणाऱ्या माणसांनीं, ज्यांची भूमि आपण कसतों त्या शेजाऱ्यांना कसें राखावें, हा प्रश्न या शांत घराच्या कथेंतून वगळतां येत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत घराचें कोठार झालें. हेरांच्याच कुळांतील चित्रकार अँड्र्यू वायथ यानें त्याचें चित्र काढलें. पुढें डागडुजी होऊन १९७४ मध्यें तें लोकांना पाहण्यास खुलें झालें. आणि २०१३ मध्यें त्याच आवारांत, इंडियन कुटुंबें एकत्र राहत तशा लांबट घराची प्रतिकृति उभारण्यांत आली.