वाकळांची नदी

नाव ऋषीचं, पण आम्ही सगळे तिला ‘ती’च म्हणतो. मार्कंडेय. खानापूर तालुक्यात बैलूरच्या डोंगरात उगम पावते, राकसकोपवरून आमच्या उचगावच्या शिवाराला लागते, पुढं कंग्राळी, काकती करत गोकाकजवळ घटप्रभेला मिळते.

लग्न होऊन मी १९७१ साली इथं आले. पितृपंधरवडा लागला तसा आत्यांनी (सासूला आमच्याकडं आत्याच म्हणतात) घरातल्या सगळ्या वाकळा सोप्यात आणून टाकल्या नि म्हणाल्या, “चल, तुला नदी दाखवते.” दसऱ्याआधी घरातलं अंथरूण-पांघरूण नदीवर धुवून निघालंच पाहिजे, हे मला काठावर गेल्यावर कळलं. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. सोड्याच्या पाण्यात भिजवायची, खडकावर तुडवायची, मग दोघींनी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ घालायचा. समोरचीनं हात सैल सोडला की सगळं पाणी आपल्या अंगावर. कुठल्या जावा-जावांचं बिनसलंय, ते गावाला आधी त्या पिळावरून समजायचं.

बायकांची नदी दसऱ्याची, पोरांची मिरगाची. पहिलं गढूळ पाणी आलं की चढणीचे मासे धरायला सगळी पळायची. बेंदराला बैल तिथंच धुतले जायचे, गणपतीही तिथंच पोचवायचे. काठच्या गाळाच्या रानात भात. बेळगावी बासमती एका चुलीवर शिजली तरी वास गल्लीभर. त्या वासाचं वाण मागं पडलं, जास्त उतारा देणारी भातं आली.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. शेजारचं तुडये महाराष्ट्रात राहिलं, आम्ही इकडं. पाण्याला ते कुणी सांगितलं नाही. १९६२ साली राकसकोपला धरण झालं आणि बेळगाव शहराच्या नळाला आमची नदी गेली. शहराची तहान भागली, त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण पावसाळ्यात रानात शिरणारी हीच नदी एप्रिल-मेमध्ये डोहाडोहांपुरती उरते, आणि त्या डोहांवरही पंप बसलेले असतात. पुराणातल्या मार्कंडेयानं सोळाव्या वर्षी शिवपिंडीला मिठी मारून यमाला परत पाठवलं. आमच्या मार्कंडेयचा यम दर उन्हाळ्यात येतो.

आता घरोघरी ब्लँकेटं आली, ती मशीनमध्ये धुतात. आत्यांनी शिवलेली एक वाकळ मी ठेवली आहे. ती मशीनमध्ये मावत नाही, म्हणून दर दसऱ्याला नदीवर नेते. पाणी त्या वेळी भरपूर असतं. दुसरं टोक धरायला मात्र बाई शोधावी लागते.