ठिपका आणि टाईल

१९७८ साली जपानच्या तैतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा व्हिडिओ गेम केला. माणसांवर गोळ्या झाडायला लावणं कंपनीला नको होतं, म्हणून शत्रू परग्रहावरचे. ऑक्टोपस, खेकडा, स्क्विड... आठ ठिपके उंच आणि फार तर बारा रुंद. त्या यंत्राची ताकदच तेवढी हो!

वीस वर्षांनी पॅरिसमधल्या एका चाहत्याला दिसलं की, अरे, एक ठिपका म्हणजे एक चौकोनी टाईलच की! १९९८ पासून 'इन्व्हेडर' असं नाव घेऊन, चेहरा लपवून, तो हे प्राणी शहराशहरांतल्या भिंतींवर चिकटवतो आहे. २००८ मध्ये आपल्या वाराणसीतही चिकटवून गेला.

ही नक्कलच ना, असं कुणी म्हणेल. मला नाही तसं वाटत. पडद्यावरचा प्राणी गोळी लागली की संपायचा, भिंतीवरचा ऊनपावसात टिकतो. निशिकादोंचं नाव मात्र त्याखाली नसतं, हे खटकतं खरं.

असो. २०१७ मध्ये पालिकेचे कामगार असल्याचं सोंग करून काही जणांनी पॅरिसमधली ही चित्रं उखडून नेली. चित्रं मुळात विनापरवाना लावलेली, त्यामुळे पोलिसांत तक्रार केली ती पालिकेने, आणि तीही तोतयेगिरीची!