नैनीताल: दोन दिवसांत काय पाहाल आणि या तलावाची एवढी काळजी का केली जाते?

उन्हाळा लागला की दिल्ली आणि आसपासच्या शहरांतून शुक्रवारी संध्याकाळी निघणाऱ्या गाड्यांचा एक मोठा लोंढा उत्तराखंडच्या कुमाऊँ भागाकडे वळतो. त्यातल्या अनेकांचं ठिकाण ठरलेलं असतं, ते म्हणजे नैनीताल. समुद्रसपाटीपासून १,९०० मीटरहून जास्त उंचीवर, तिन्ही बाजूंनी डोंगर आणि मधोमध कोयरीच्या आकाराचा तलाव.

शनिवार-रविवार घालवायला जागा छान आहेच. पण तुम्ही ज्या तलावात बोटिंग करता, त्याच तलावावर इथल्या पिण्याच्या पाण्याची भिस्त आहे. आणि ज्या डोंगरावर हॉटेल घेता, तो डोंगर अजूनही पूर्ण स्थिर नाही. त्यामुळे जाण्याआधी या शहराची थोडी ओळख करून घेतलेली बरी.

नैनीताल नाव कुठून आलं?

तलावाच्या उत्तर टोकाला नैना देवीचं मंदिर आहे. सतीचे डोळे, म्हणजे नयन, इथे पडले अशी श्रद्धा आहे. 'ताल' म्हणजे आपलं तळं. तलावाच्या वरच्या टोकाची वस्ती मल्लीताल आणि खालच्या टोकाची तल्लीताल. ही दोन नावं लक्षात ठेवली की शहरात रस्ता चुकणं कठीण आहे, कारण इथला प्रत्येक पत्ता त्यांच्यापासूनच सुरू होतो.

स्थानिकांना हा तलाव आधीपासून माहीत होता आणि ते त्याला पवित्र मानत. १८४१ मध्ये शाहजहांपूरचा साखर व्यापारी पी. बॅरन इथे पोहोचला. त्याने या जागेबद्दल लिहिलं आणि त्यानंतर इंग्रजांचं थंड हवेचं ठिकाण म्हणून शहर वाढत गेलं. शिकारी आणि लेखक जिम कॉर्बेट यांचा जन्मही १८७५ मध्ये इथलाच. आज उत्तराखंडचं उच्च न्यायालयही याच शहरात आहे.

कसं पोहोचायचं?

जवळचं रेल्वे स्थानक काठगोदाम, साधारण ३५ किलोमीटरवर. दिल्लीहून तिथे थेट गाड्या आहेत आणि पुढे बस किंवा शेअर टॅक्सी मिळते. दिल्लीहून रस्त्याने अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांनी मात्र प्रवासासाठी वेगळे दिवस धरावेत. नुसत्या वीकेंडला हे गणित जमत नाही.

स्वतःची गाडी नेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मे-जूनच्या गर्दीत बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच थांबवून पर्यटकांना शटलने आत पाठवलं जातं. शहरात पार्किंगची जागा मुळातच कमी आहे.

दोन दिवसांत काय काय होईल?

पहिला दिवस तलावासाठी ठेवा. तलावाचा पूर्ण फेरा साधारण साडेतीन किलोमीटरचा, आरामात चालत होतो. एका बाजूला दुकानं आणि हॉटेलांनी गजबजलेला मॉल रोड, तर समोरच्या काठाला झाडांच्या सावलीतली 'ठंडी सडक'. शांतता हवी असेल तर ठंडी सडकच गाठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर वर चढा. हवा स्वच्छ असेल तर स्नो व्ह्यूवरून हिमालयाची बर्फाच्छादित शिखरं दिसतात. तिथे रोपवेनेही जाता येतं. चालायची हौस असेल तर सुमारे २,६०० मीटर उंचीच्या नैना पीकचा ट्रेक आहे. दुपारनंतर वेळ उरला तर भीमताल किंवा सातताल. डोंगर स्वच्छ दिसावेत म्हणून जायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. जुलै ते सप्टेंबर शक्यतो टाळा.

पावसाळ्यात का टाळायचं?

याचं उत्तर १८ सप्टेंबर १८८० या तारखेत आहे. त्या दिवशीही शनिवारच होता. सलग मुसळधार पावसानंतर सकाळी व्हिक्टोरिया हॉटेलजवळ दरड कोसळली. अडकलेल्यांना काढायला लोक धावले आणि दुपारी त्यांच्यावरच डोंगराचा मोठा भाग खाली आला. १५१ जणांचा जीव गेला, मंदिरही गाडलं गेलं. नंतर ते पुन्हा उभारण्यात आलं. आज जिथे क्रिकेट-फुटबॉलचे सामने रंगतात, ते 'फ्लॅट्स' मैदान त्याच दरडीच्या मलब्याने मोठं झालेलं आहे.

या दुर्घटनेनंतर पावसाचं पाणी डोंगरात मुरून माती सैल करू नये म्हणून उतारांवर नाल्यांचं जाळं बांधलं गेलं. हे नाले आजही शहराची ढाल आहेत. पण त्यात कचरा टाकला किंवा त्यांच्यावर बांधकाम झालं की पाणी तुंबतं आणि उरलेला कचरा थेट तलावात जातो.

धोका इतिहासजमा झालेला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये लोअर मॉल रोडचा एक तुकडा तलावात खचला. ऑगस्ट २०२४ मध्ये टिफिन टॉपवरची प्रसिद्ध 'डोरोथी सीट' दरडीत नाहीशी झाली.

तलावाला नेमकं काय झालंय?

पहिली अडचण पाण्याची. हा तलाव बर्फाच्या नद्यांवर नाही, तर पाऊस आणि जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यावर भरतो. शेजारचा सूखाताल पावसाळ्यात भरतो आणि त्याचं पाणी जमिनीखालून नैनी तलावाला मिळतं. वरून कोरडा दिसणाऱ्या या खोलगट जागेत मलबा आणि बांधकामं वाढत गेली. तिथल्या सुशोभीकरणाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २०१७ च्या उन्हाळ्यात तर तलाव इतका आटला की काठाला गाळ उघडा पडला.

दुसरी अडचण ऑक्सिजनची. खोल तलावात उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि तळाचं थंड पाणी त्यात मिसळत नाही. तळाशी सांडपाणी आणि अन्नाचे अवशेष कुजतात, तिथला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. म्हणून २००७ पासून नळ्यांद्वारे तळाशी हवा सोडली जाते. म्हणजे हा तलाव गेली अनेक वर्षं बाहेरून दिलेल्या हवेच्या आधारावर आहे.

पर्यटक म्हणून आपण काय करू शकतो?

- माशांना ब्रेड घालू नका. न खाल्लेला ब्रेड तळाशी जाऊन कुजतो आणि ऑक्सिजन खातो.
- हॉटेलात पाणी जपून वापरा. मे महिन्यात शहरातली माणसं वाढतात, तलावातलं पाणी नाही.
- शक्य असेल तर गर्दीचे शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी जा. खोलीही स्वस्त मिळते.
- रिकाम्या दिसणाऱ्या नाल्यात काहीही टाकू नका. पहिल्या जोरदार सरीत ते तलावात पोहोचतं.

नैनीतालला जाऊ नका, असं कुणी म्हणत नाही. इथल्या असंख्य घरांच्या चुली पर्यटनावरच पेटतात. पण त्या चुली पेटत्या राहायच्या असतील, तर तलावही राहायला हवा.