नावेमागची लाट

देवनार म्हटले की खेड्यातल्या माणसाला आठवतो तो तिथला बकऱ्यांचा बाजार. पण या गावाच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे, हेही ध्यानात असू द्या. भरती पुरी आलेली असावी, वारा पडलेला असावा, आणि अशा वेळी एखादी होडी खाडीतून जात असावी. काठावरून नीट पाहा. होडीमागे पाण्यावर दोन तिरक्या रेघा उमटतात. नाव लहान असो की मोठी, तिच्या नेहमीच्या चालीत, खोल पाण्यात, या रेघांमधला कोन सुमारे ३९ अंशांचा असतो. पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने १८८७ साली हे गणिताने दाखवून दिले. कोन ठरलेला, पण लाट उंच उठणार की बुटकी, हे नाव बांधणाराच्या आणि भरणाराच्या हाती.

ते कसे? आपली बैलगाडीच घ्या ना. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळते, पुढे जास्त झाले की जू बैलांच्या मानेवर बसते. नावेचेही तसेच. पिछाडीला भार वाढला की ती पाण्यात रुतते, नाळ वर उचलली जाते आणि मागे मोठी लाट उठते. ती लाट फुकट उठत नाही, बरे का! वल्ह्याचा, शिडाचा किंवा इंजिनाचा जोर तिच्यात खर्च होतो. रिकाम्या जहाजाचा तोल राहावा म्हणून त्याच्या तळाशीही खलाशी पूर्वी दगड किंवा वाळू भरत. त्या भाराला नीरम म्हणतात.

आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबा आठवा. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. मध्ये रुंद, पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या, काही तर ३०० टनांपर्यंतच्या. नाळ पुढे आलेली आणि तिच्यावर चढलेले पाणी कडेने वाहून जावे अशी सोय. तोफा नाळेच्या रोखाने मारा करणाऱ्या. एवढे जड लोखंड पुढे ठेवायचे आणि नाव नाकावर पडू द्यायची नाही, म्हणजे मागचा भार तोलूनच ठेवावा लागणार. ही विद्या पुस्तकातली नव्हे, हाताची.

पुस्तकातली विद्या पुढे आली. विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनियराने १८६७ साली ‘हंस’ आणि ‘कावळा’ अशा अर्थाच्या नावांचे दोन नमुने नदीत ओढून पाहिले. हंसाची टोके बोथट, कावळ्याची धारदार. कावळाच जिंकणार असे कोणालाही वाटावे. पण निष्कर्ष निघाला तो असा, की कोणता आकार सरस हे वेगावर ठरते. १८७२ साली त्याने टॉर्की येथे अशा प्रयोगांसाठी खास हौद बांधला. शिक्षकांनी हा प्रयोग गावच्या तळ्यात लाकडाच्या दोन तुकड्यांवर करून पाहण्याजोगा आहे.

आता गंमत पाहा. शेकडो वर्षे लाट कमी करण्याची खटपट चालली, आणि आज काही हौशी मंडळी ती मुद्दाम वाढवितात! १९२२ साली अमेरिकेत राल्फ सॅम्युएलसन नावाच्या तरुणाने पायांना फळ्या बांधून बोटीमागे ओढून घेतले. त्या खेळाला लाट सपाट लागते. पुढे निघाला वेकबोर्डचा खेळ. त्यात एकाच फळीवर उभे राहून लाटेवरून उडी घ्यायची असते. त्यासाठी बोटीत पाण्याच्या पिशव्या भरतात आणि वेग तासाला ३५ किलोमीटरच्या आसपास ठेवतात. सगळे पाणी मागेच भरले तर लाट उंच पण उभट होते. थोडे नाळेकडे नेले की तिला लांब, गुळगुळीत उतार येतो. एका अंगाला जास्त झाले तर एकीकडची लाट फेसाळून मोडते.

पिशव्या बिचाऱ्या ठेवल्या तिथे राहतात. माणसांचे ओझे मात्र हलते. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. बोट माणसांनी भरलेली, समुद्र पावसाळ्याचा. काशाच्या खडकाजवळ लाटेने बोट कलली. घाबरलेली माणसे एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला धावली, आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक जीव गेले. जे वाचले त्यांतल्या कित्येकांना रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले.