देवराईची माती : वनरक्षणाचा एक जुना धडा

कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अनेक ग्रामदैवतांच्या मंदिराभोवती देवराई राखलेली आढळते. कोठे तिला देवरहाटी म्हणतात. कोठे ती चार-दोन गुंठ्यांची, तर कोठे कित्येक एकरांची असते. मंदिराचा जीर्णोद्धार होताना या राईचा इतिहासही ग्रामस्थांपुढे येणे अगत्याचे आहे. कारण देवालयाच्या भिंती पुन्हा बांधता येतात, राईतील माती मात्र कोणत्याही गवंड्याला बांधता येत नाही.

देवराईचे जुने नियम साधे होते. झाडाला कुऱ्हाड लावू नये. बहुतेक ठिकाणी पडलेली सुकी काटकीही घरी नेऊ नये. देवाच्या कामास लाकूड लागलेच, तर कौल लावून व गावाच्या साक्षीने घ्यावे. हे नियम श्रद्धेने पाळले गेले आणि त्यांचे फळ मातीला मिळाले. कोकणात वर्षाकाठी सुमारे २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जांभ्या दगडाची माती उथळ असते आणि तिच्यातील क्षार पावसाच्या पाण्याबरोबर लवकर वाहून जातात. अशा जमिनीत झाडांचे बरेचसे अन्न वरच्या पालापाचोळ्याच्या थरातच असते. गळलेले पान वाळवी, गांडुळे व बुरशी कुजवितात आणि त्यातील सत्त्व मुळे पुन्हा वर घेतात. हा काळा, भुसभुशीत थर पावसाचा मारा अंगावर झेलतो व पाणी जमिनीत मुरवितो. राईच्या खालच्या अंगाचा झरा भर वैशाखातही टिकून राहिलेला अनेक गावांत दिसतो, त्याचे मर्म यातच आहे.

झाडे राखण्याची ही दृष्टी राज्यकारभारातही होती. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात, आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, ती जबरदस्तीने तोडू नयेत, असा स्पष्ट दंडक आहे.

इंग्रजी अमलात चित्र पालटले. जहाजबांधणीसाठी सागाची तोड वाढली. सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली. सन १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढे लोहमार्ग वाढत गेले, तशी स्लीपरांसाठी लाकडाची मागणीही वाढली. सन १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले. सन १८६५ व १८७८ च्या कायद्यांनी जंगलावरील सरकारी हक्क पक्के झाले आणि गावाचे जुने वहिवाटीचे हक्क आकसत गेले.

ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत यावरून मोठा असंतोष माजला. भाताच्या रोपांसाठी शेतकरी राब भाजत. शेण, गवत, पालापाचोळा व ऐन-किंजळाचे टहाळ जमिनीवर पसरून जाळत. राबाशिवाय रोप जोमदार होत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते. परंतु दरसाल टहाळ तोडलेली झाडे थोटी पडत, त्यांचा पाला रानात गळेनासा होई व डोंगराची माती उघडी पडे, हेही तितकेच खरे. सन १८८५ ते १८८७ या काळात मुंबई वन आयोगाने या प्रश्नाची चौकशी केली. एका बाजूस पोट आणि दुसऱ्या बाजूस रान, असा तो पेच होता.

स्वातंत्र्यानंतरही लाकूडतोड व कोळशाच्या भट्ट्या चालूच राहिल्या. सन १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला. झाडे पुष्कळ लागली, परंतु अनेक ठिकाणी निलगिरी किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ अशी एकाच जातीची. अशा लागवडीखाली झुडपे व रोपे विरळ येतात. सागाच्या निव्वळ लागवडीतही असाच धोका असतो. रुंद पानावरून पावसाचे मोठे थेंब खाली पडतात आणि तळाशी झुडूप वा पाचोळा नसल्यास माती उखडते. वणव्याने प्रथम राख मिळते खरी, पण नत्र धुरावाटे निघून जाते आणि उरलेली राख पहिल्याच पावसात ओढ्याला लागते.

सन १९७० नंतरच्या दशकात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी गावोगाव हिंडून देवरायांचा अभ्यास केला. भोवतालच्या डोंगरांवरून नाहीसे झालेले कित्येक वृक्ष व वेली या राखीव तुकड्यांत टिकून असल्याचे त्यांनी दाखवून दिले.

खेदाची गोष्ट अशी, की काही गावांत देवळाच्या बांधकामास पैसा उभा करण्यासाठीच राईतील जुने वृक्ष विकले गेले. देव नव्या घरात आला आणि त्याचे रान गेले. प्रशस्त मंडप, फरसबंदी व वाहनतळ हवेतच. पण त्यासाठी राईचा काठ किती मागे सरतो, याचा हिशेब बांधकाम समितीने ठेवावा. राईतला पाचोळा केर समजून जाळू नये. नवी रोपे लावावयाची तर हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर, सातवीण अशी मिश्र व इथल्याच मातीतली लावावीत.

सढळ हाताने देणगी देणाऱ्यांची नावे मंदिराच्या शिळेवर कोरली जातील, आणि ते योग्यच आहे. मात्र ज्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या राईतली काटकीसुद्धा उचलली नाही, त्यांची नावे कोठेच कोरलेली नाहीत. राई राखणे हेच त्यांचे खरे स्मारक होय. ते राखण्याची सद्बुद्धी सर्वांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.