बाबांची टाकी

परवा आंबिवलीला घरी गेलो, तर बाबा बादलीत फिल्टरचा स्पंज पिळत बसले होते. बादलीत पाणी टाकीतलंच. मला हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. हाच स्पंज पूर्वी नळाखाली धुतला जायचा.

निवृत्त झाल्यावर बाबांनी हौसेनं दोन फुटी काचेची टाकी आणली आणि चार गोल्डफिश. आठवड्याच्या आत चारही गेले. बाबांनी टाकी, वाळू, फिल्टर सगळं लख्ख धुतलं आणि नवे मासे आणले. तेही गेले. तिसऱ्या वेळी तर वाळू उकळून घेतली! शेवटी "माझ्या हाताला यश नाही रे" म्हणाले आणि टाकी माळ्यावर गेली. स्वच्छतेत ते कुठेच कमी पडले नव्हते, आणि घोटाळा नेमका तिथेच होता.

तो मला कळला एका बाप-लेकाच्या गोष्टीमुळे. दोघांचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन.

बाप लंडनमधला रसायनतज्ज्ञ. १८४९ साली त्यानं काचेच्या मोठ्या भांड्यात तळाला वाळू, चिखल आणि दगड घातले, वॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन गोल्डफिश सोडले. पानं कुजून पाणी गढूळ झालं, तेव्हा ती खायला गोगलगायी टाकल्या. भांडं स्थिरावलं. १८५० साली त्यानं कारण मांडलं: मासा सोडतो तो कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेते आणि ऑक्सिजन परत देते. बरोबरच होतं, पण अर्धंच. मासा अमोनियाही सोडतो. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. अमोनिया माशाला विषारी. त्याचं काय होतं, हा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. वीस दिवस काहीच फरक नाही. मग अमोनिया जाऊन नायट्रेट येऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ दिली की काम बंद! म्हणजे वाळूत कोणीतरी जिवंत होतं.

हे वाचून लेक कामाला लागला. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत त्यानं अनेक वर्षं घालवली आणि दाखवलं की काम दोन टप्प्यांत होतं. एक जीव अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशाला घातक. नायट्रेट त्यामानानं बरंच सौम्य. ते थोडं वनस्पती घेतात, बाकीचं पाणी बदलताना जातं. पण हे जीव वेगळे काढणं त्याला जमलं नाही. ते १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्कीला जमलं, कारण त्यानं त्यांना सेंद्रिय अन्न दिलंच नाही.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. दुसऱ्या टप्प्याचं श्रेय शंभरेक वर्षं नायट्रोबॅक्टरला मिळालं. १९९८ साली गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तर तिथे नायट्रोस्पायरा निघाला. २०१५ साली तर दोन्ही टप्पे एकटाच करणारा जीव सापडला.

असो. मुद्दा असा, की हे जीव वाळूवर आणि स्पंजवर थर करून राहतात, आणि नव्या टाकीत त्यांचं बस्तान बसायला महिना-दीड महिना लागतो. बाबा दर वेळी त्यांना क्लोरीनच्या पाण्यानं धुऊन काढत होते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होत होतं.

मी टाकी माळ्यावरून उतरवली. शहाडच्या मित्राच्या जुन्या टाकीतला स्पंज आणून फिल्टरमध्ये बसवला. मासे दोनच. अन्न चिमूटभर. दर आठवड्याला थोडंच पाणी बदलायचं, तेही क्लोरीन घालवून. मासे जगले.

परवा स्पंज पिळता पिळता बाबांना ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि एकच विचारलं, "पोराला उलगडलं तेव्हा बाप होता का?"

"नाही. तो १८६७ सालीच गेला."

बाबा काही बोलले नाहीत. स्पंज परत फिल्टरमध्ये बसवला, हात पुसले आणि म्हणाले, "बरं झालं तू सांगितलंस."